भिंतीपलीकडे

दर चौथ्या शनिवारी संघाचे सगळे शर्ट
आमच्याकडे धुवायला यायचे.
चौदा. पाठीवर आकडे, कोपरांवर माती,
एखाद्याच्या बाहीला वाळलेला शेंबूड.
आई मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला,
म्हणून ते काम माझं.
दोरीवर टांगले की अंगणात
डोकी नसलेला एक संघ
वाऱ्यावर सराव करत राही.
एक नंबरचा शर्ट फाब्रिसिओचा, माझ्या भावाचा.
तो मी जरा जास्त घासायचे.

वय वर्षं नऊ.
हातमोजे पप्पांच्या कामावरचे, बोटांत चिंध्या कोंबलेले.
गोल लहान मुलांचाच,
पण हा मध्ये उभा राहिला की मैदानाएवढा वाटायचा.

पप्पा रेषेवर. काखेत थर्मास,
हातात मातेचा कडू हिरवा काढा,
आणि तोंड सुटलेलं.
“पुढे ये! पुढे! अरे झोपलास काय!”
पंचांना, समोरच्या पोरांना,
त्या पोरांच्या आज्यांनासुद्धा.
घरी मीठ मागायलाही न बोलणारा माणूस
आठवडाभर साठवलेलं सगळं
चाळीस मिनिटांत उडवून टाकायचा.

रेल्वेवाल्यांच्या पोरांशी सामना होता.
चेंडू फाब्रिसिओच्या दोन पायांमधून गेला,
संध्याकाळी गाय गोठ्यात जाते
तितक्या सावकाश.
पप्पा काय ओरडले ते इथे लिहीत नाही.
त्याने जाळीतून चेंडू काढला,
मध्यावर फेकला नाही.
काखेत धरून रेषेपर्यंत चालत आला.
“पप्पा, पुढच्या वेळी तू येऊ नकोस.”

हळूच म्हणाला. पण मैदान लहान.
कँटीनमध्ये पुऱ्या तळणाऱ्या नेल्लीबाईंनी
झारा तेलावर तसाच धरून ठेवला.

पुढच्या शनिवारी पप्पांना
अचानक छप्पर दुरुस्त करायचं होतं.
पहिल्या हाफात कुणीतरी चेंडू भिंतीबाहेर मारला,
आणायला मला पिटाळलं.
पलीकडे, रुळांच्या कडेला, निलगिरीखाली
पप्पा.
थर्मास काखेत, कान भिंतीला.
मला बघून ओठांवर बोट ठेवलं.
मग विचारलं, “किती?”
“एक-एक.”
“उभा कुठे राहतोय?”
“पुढे,” मी म्हणाले. “न सांगता.”
त्यांनी चेंडू शर्टाच्या टोकाने पुसला,
नीट, सगळीकडून,
आणि माझ्या हातात दिला.

त्या भिंतीची एक वीट निखळलेली होती.
वर्षभर मी तिथून बोटं दाखवली.
डावा हात आपला, उजवा त्यांचा.
एकदा आम्ही पाच खाल्ले.
मी उजव्या हाताची दोनच बोटं बाहेर काढली.
घरी जाताना पप्पा म्हणाले,
“यामिला, मी पाचदा आरडाओरडा ऐकला.”
बराच वेळ चालल्यावर,
“पण दोन बरे होते.”

फाब्रिसिओ काही मोठा खेळाडू झाला नाही.
बारा वर्षांचा झाला, उंची थांबली,
गोल दुसऱ्याला गेला.
आता बंदरावर क्रेन चालवतो.
पप्पा आणि तो बोलतात
बॅटरीविषयी, नदीच्या पाण्याविषयी.
मैदानाचा विषय दोघेही काढत नाहीत.

परवा पप्पांना पायसांदूच्या इस्पितळात नेलं.
आत एकालाच सोडतात. मी गेले.
खाली आवारात फाब्रिसिओ, ड्यूटीच्या बुटांत.
मी खिडकीशी आले तर त्याने
हनुवटी उचलली, नुसती:
किती?

त्या खुणा मी त्याला कधीच शिकवल्या नव्हत्या.

डॉक्टर चार म्हणाले होते. चार जागी बंद.
मी दोन बोटं काचेला लावली.
तो हसला, अगदी पप्पांसारखं,
न पटल्याचं,
आणि खिशातून हात काढून
भिंतीला टेकून उभा राहिला.